रेडपोल, ढाक्याचं बाळ आणि माल्डीची यादी: एका जिवाणूच्या ओळखीचं प्रकरण

डिसेंबर २००४ मध्ये अलास्कात रेडपोल पक्षी मरू लागले. रेडपोल म्हणजे फिंच कुळातला, कपाळावर लाल टिळा असलेला चिमुकला पक्षी. वजन जेमतेम बारा-चौदा ग्रॅम. अलास्काच्या आतल्या भागात डिसेंबरात दिवस तीन-चार तासांचा असतो आणि पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. अशा थंडीत हा पक्षी बर्च आणि आल्डरच्या बिया खाऊन तगतो. अन्ननलिकेला असलेल्या एका पिशवीत तो दाणे साठवतो आणि रात्रभर पुरवून खातो. माणसांनी अंगणात दाणापात्रं टांगलेली असतील तर थवेच्या थवे तिथे उतरतात. खाणं आणि विष्ठा एकाच जागी, तीही दाटीवाटीनं. संसर्गाला याहून सोयीची जागा सापडणं कठीण.

दाणापात्राजवळ फिंच मरत असतील तर पशुवैद्यकाच्या मनात पहिलं नाव येतं सालमोनेलाचं. सालमोनेला टायफिम्युरियम सिस्किन, रेडपोल, ग्रीनफिंच यांच्यात हिवाळी साथी आणतो, हे युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना जुनं आहे. त्यामुळे मेलेल्या पक्ष्याचं शवविच्छेदन करायचं, आतडं, यकृत, फुप्फुस यांतून स्वॅब घ्यायचे, रक्त-अगार आणि मॅकॉन्की अगार या जिवाणू वाढवायच्या माध्यमांवर रेघा ओढायच्या आणि दुसऱ्या दिवशी प्लेट उघडायची, हा ठरलेला क्रम. मॅकॉन्कीवर लॅक्टोज पचवणारे जिवाणू गुलाबी दिसतात, न पचवणारे रंगहीन. ई. कोलाय सहसा गुलाबी, सालमोनेला रंगहीन.

या प्रकरणातला जिवाणू सालमोनेला नव्हता. ई. कोलायही नव्हता, जरी त्याच्या इतका जवळचा होता की बहुतेक प्रयोगशाळांनी तसंच लिहून फाइल बंद केली असती. जैवरासायनिक आणि जनुकीय तपासण्यांनंतर त्याची ओळख पटली: एशेरिकिया अल्बर्टी, थोडक्यात ई. अल्बर्टी. तोवर हा जिवाणू माणसांच्या जुलाबाशी जोडला गेलेला होता. प्राण्यांत तो असतो, आणि त्यांना आजारी पाडतो, अशी नोंद नव्हती. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतले जे. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं काम २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. पक्षी मेले २००४ च्या डिसेंबरात आणि सविस्तर शोधनिबंध आला पाच वर्षांनंतर, एवढं अंतर लक्षात असू द्या.

ओक्स हे नाव आपल्याकडच्या पक्षिप्रेमींना वेगळ्या कारणानं माहीत असायला हवं. पाकिस्तानातली पांढऱ्या पाठीची गिधाडं डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन मरत आहेत, हे दाखवणाऱ्या २००४ च्या शोधनिबंधाचे पहिले लेखक तेच. तोवर बरेच जण गिधाडांत एखादा विषाणू शोधत होते. ओक्स यांनी मेलेल्या पक्ष्यांच्या अवयवांवर साचलेलं युरिक आम्ल पाहिलं, संसर्गाच्या शक्यता एकेक करून खोडल्या आणि गुरांना काय टोचलं जातं याकडे मोर्चा वळवला. भारतानं २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. आज रायगडात चिरगावच्या झाडांवर गिधाडं दिसतात त्यात त्या तपासाचा वाटा आहे. गिधाडांच्या बाबतीत सगळे जंतूमागे धावत होते आणि कारण औषध निघालं. रेडपोलांच्या बाबतीत जंतू हाताशी होता, फक्त त्याला चुकीचं नाव चिकटायची पुरती सोय होती.

ही सोय कशी झाली, ते समजून घेण्यासाठी अलास्का सोडून ढाक्याला जावं लागेल.

हॅफ्निया म्हणून नोंदलेलं बाळ

ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रात एम. जॉन अल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. जुलाब झालेल्या एका नऊ महिन्यांच्या मुलीच्या विष्ठेतून वेगळा केलेला जिवाणू आतड्याच्या पेशींना घट्ट चिकटत होता आणि त्या जागचे केसाळ उंचवटे सपाट करत होता. ही लकब तोवर रोगकारक ई. कोलायची मानली जात होती. पण ओळख-चाचण्यांनी उत्तर दिलं होतं हॅफ्निया अल्वेई, म्हणजे एक वेगळाच जिवाणू. म्हणून हॅफ्नियाही जुलाब घडवतो, असा निष्कर्ष निघाला.

(हेच अल्बर्ट पुढे १९९३ मध्ये बांगलादेशातल्या कॉलऱ्याच्या नव्या ओ१३९ साथीवर लिहिणाऱ्यांत होते. नवीन काही दिसलं तर जुन्या खणात कोंबायचं नाही, ही सवय त्यांच्यात असावी असं मला वाटतं. हॅफ्नियाच्या बाबतीत खण चुकला, पण त्यांनी त्या जिवाणूचा वेगळेपणा मात्र नेमका टिपला होता.)

पुढच्या काही वर्षांत शंका वाढत गेली. बांगलादेशातले हे मोजके जिवाणू खऱ्या हॅफ्नियाशी जुळेनात. जनुकीय दृष्टीनं ते एशेरिकिया आणि आमांश घडवणारा शिगेला यांच्या घराजवळ पडत होते. अखेर २००३ मध्ये बेल्जियम आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी बांगलादेशी मुलांपासून मिळालेल्या पाच नमुन्यांवरून नवी प्रजाती जाहीर केली आणि तिला अल्बर्ट यांचं नाव दिलं.

या प्रजातीचे रासायनिक गुण बघितले तर चूक का होते ते कळतं. ई. अल्बर्टी ३७ अंशांवर हालचाल करत नाही. लॅक्टोज सहसा पचवत नाही. झायलोज नावाची साखर पचवत नाही. ई. कोलायची खूण म्हणून जो बीटा-ग्लुकुरोनिडेज विकर तपासतात, तोही बहुधा नसतो. म्हणजे त्याला खास असं काही येतं म्हणून ओळखता येईल, असं फारसं नाहीच. बरंचसं येत नाही. तयार किट मात्र 'काय येतं' यावर चालतात. मग ते जवळात जवळचं नाव देतात: कधी हॅफ्निया, कधी ई. कोलायचा मंद प्रकार, कधी सालमोनेला कॉलेरासुईस, कधी तर यर्सिनिया रुकेरी, जो मुळात माशांचा रोगजंतू आहे. शिगेला बॉयडीचा १३ क्रमांकाचा प्रकार हा वास्तविक ई. अल्बर्टीच्याच वंशावळीत बसतो, असं २००५ मध्ये दिसून आलं. तो कित्येक दशकं शिगेलाच्या यादीत होता.

स्कॉटलंडच्या कुप्या

ओक्स यांच्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग अलास्कातला नाही, स्कॉटलंडमधला आहे. १९९० च्या दशकात तिथे ग्रीनफिंच आणि सिस्किन मरत होते. स्कॉटिश पशुवैद्यकांनी काम नीट केलं होतं: जिवाणू वेगळा केला, त्याच्या पृष्ठभागाच्या प्रतिजनांवरून त्याला ई. कोलाय ओ८६:के६१ असं लेबल लावलं, तो पेशींची वाढ अडवणारं एक विष तयार करतो हेही १९९८ मध्ये दाखवलं. ई. कोलाय ओ८६ हा गट लहान मुलांच्या जुलाबाशी आधीच जोडलेला असल्यामुळे ते लेबल पटण्यासारखंही होतं. नमुने गोठवून ठेवले गेले.

अलास्कातल्या जिवाणूला नाव मिळाल्यावर हे जुने नमुने पुन्हा तपासले, तर तेही ई. अल्बर्टीच निघाले. प्रतिजनांचं लेबल म्हणजे जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाची नोंद, आणि आवरणाची जनुकं जिवाणू एकमेकांत सर्रास देतात-घेतात. आतला जीव कोण, हे त्यावरून ठरत नाही. इथे कुणी निष्काळजीपणा केला असं मात्र म्हणता येत नाही. १९९८ मध्ये ई. अल्बर्टी ही प्रजातीच जाहीर झाली नव्हती. यादीत नसलेलं नाव कुणी कसं लिहिणार?

इथून प्रकरण माल्डीकडे, म्हणजे प्रथिनांच्या वस्तुमानावरून जिवाणू ओळखणाऱ्या यंत्राकडे वळतं, कारण आज पक्ष्यांच्या प्रयोगशाळेत पहिली ओळख बहुतेक वेळा तेच यंत्र देतं. २००४ मध्ये ते नेहमीच्या निदानात नव्हतं. अमेरिकेत माणसांच्या निदानासाठी त्याला परवानगी मिळाली ती २०१३ मध्ये. पण हाच रेडपोल आज टेबलावर आला तर काय होईल, हे पायरीपायरीनं बघण्यासारखं आहे.

यंत्र काय बघतं

प्लेटवरची एक कॉलनी लाकडी काडीनं उचलतात आणि स्टीलच्या पट्टीवरच्या एका ठिपक्यावर पातळ फासतात. एका पट्टीवर सहसा ९६ ठिपके. त्यावर १ मायक्रोलिटर फॉर्मिक आम्ल, म्हणजे पेशी फुटतात. ते वाळलं की १ मायक्रोलिटर मॅट्रिक्स, बहुधा सायनो-हायड्रॉक्सिसिनॅमिक आम्लाचं द्रावण. वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि जिवाणूची प्रथिनं त्या स्फटिकांत अडकतात. पट्टी यंत्रात जाते, हवा उपसली जाते आणि ठिपक्यावर लेसरचे झटके बसतात. लेसरची ऊर्जा मॅट्रिक्स शोषून घेतो आणि प्रथिनांना न मोडता सोबत उडवतो, वर एक धन भारही देतो. मोठे रेणू असे अखंड उडवता येतात हे दाखवल्याबद्दल शिमाड्झू कंपनीतले अभियंता कोइची तानाका यांना २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

भारित प्रथिनांना मग विद्युतक्षेत्र एकसारखा धक्का देतं आणि ती एका निर्वात नळीतून सुटतात. एकाच जोरानं ढकललेल्या हातगाड्यांपैकी रिकामी आधी पोचते आणि भरलेली मागे राहते, तसं हलकं प्रथिन आधी पोचतं, जड नंतर. पोचायला लागलेल्या वेळावरून वस्तुमान निघतं. पडद्यावर दिसतो तो शिखरांचा आलेख, साधारण २,००० ते २०,००० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) टप्प्यातला. कॉलनी उचलल्यापासून काही मिनिटांत.

या टप्प्यात दिसणारी बरीचशी शिखरं रायबोसोमच्या प्रथिनांची असतात. रायबोसोम प्रत्येक जिवंत पेशीत भरपूर असतात, त्यांची प्रथिनं आकारानं लहान आणि स्वभावानं आम्लारी असल्यामुळे धन भार सहज घेतात, आणि जिवाणू कोणत्या अगारवर वाढला यानं त्यांच्यात फार फरक पडत नाही. ई. कोलायमध्ये एल२९ या प्रथिनाचं शिखर ७,२७४ डाल्टनजवळ येतं, एल३६ चं ४,३६५ जवळ. ही शिखरं इतकी भरवशाची आहेत की अनेक प्रयोगशाळांत कामाआधी यंत्राची मोजपट्टी जुळवायला ई. कोलायच्या डीएच५-अल्फा स्ट्रेनचा (उपप्रकाराचा) अर्कच वापरतात. थोडक्यात, हे यंत्र जगाकडे बघायला सुरुवात करतं तेच ई. कोलायपासून.

आता ई. अल्बर्टी. ई. कोलायच्या जीनोमशी त्याचं साम्य सुमारे ९० टक्के. एकाच प्रजातीत राहण्यासाठी सध्या साधारण ९५ टक्क्यांची रेघ मानतात, तेव्हा प्रजाती वेगळी हे नक्की. पण रायबोसोमची प्रथिनं उत्क्रांतीत फार हळू बदलतात, त्यामुळे बहुतेक शिखरं दोघांत तिथल्या तिथेच राहतात. फरक पडतो तो मोजक्या शिखरांत. एखाद्या प्रथिनात ॲलानिनच्या जागी सेरीन आलं तर वस्तुमान १६ डाल्टननं वाढतं आणि ते शिखर तेवढं उजवीकडे सरकतं. ७,००० डाल्टनच्या आसपास यंत्राची चूक दोन-तीन डाल्टनची धरली, तर १६ चा फरक स्पष्ट दिसायला हवा. दिसतोही. पण तो 'दिसणं' आणि अहवालात 'उतरणं' यांच्यामध्ये एक पायरी आहे, तुलनेची.

यंत्र मिळालेला आलेख संदर्भसंचातल्या हजारो आलेखांशी ताडून बघतं आणि गुण देतं. ब्रुकर कंपनीच्या बायोटायपर या माल्डी प्रणालीत हे गुण जास्तीत जास्त ३ असतात. २.०० किंवा जास्त असेल तर प्रजातीपर्यंतची ओळख धरतात, १.७० ते १.९९ मध्ये फक्त वंशापर्यंतची, त्याखाली विश्वसनीय ओळख नाही. संदर्भसंचात ई. कोलायचे अनेक स्ट्रेन आणि ई. अल्बर्टीचा एकही नाही अशी स्थिती असेल, तर रेडपोलमधल्या जिवाणूची बहुसंख्य शिखरं ई. कोलायशी जुळतात, गुण २ च्या वर जातात आणि हिरव्या रंगात नाव उमटतं: एशेरिकिया कोलाय. सरकलेली दोन-चार शिखरं 'न जुळलेली' म्हणून हिशेबात थोडी घट करतात, एवढंच. यंत्राला सांगता येत नाही की ती शिखरं चुकून नव्हे, नेमानं वेगळ्या जागी आहेत.

ई. अल्बर्टीला ई. कोलाय ठरवणारे माल्डीचे असे निकाल आलेले आहेत. ओसाकातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की संदर्भसंचात या प्रजातीचे पुरेसे आलेख घातले की तेच यंत्र तिला अचूक वेगळं काढतं. नवा लेसर लागत नाही, नवी नळी लागत नाही.

तीन वेगवेगळे अपयश

माल्डी चुकला असं आपण सरसकट म्हणतो, पण या प्रकरणात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि त्या सोडवल्या नाहीत तर उपायही चुकतो.

पहिली म्हणजे वर सांगितलेली: फरक आलेखात आहे, यादीत नाही. यावर उपाय सोपा. खात्रीचे नमुने घ्या, प्रत्येकाचे वीस-पंचवीस आलेख काढून संदर्भ-आलेख बनवा, संचात घाला. ही सोय बऱ्याच प्रणालींत असते.

दुसरी शिगेलाची. ई. कोलाय आणि शिगेला जनुकीय दृष्टीनं एकाच प्रजातीत बसावेत इतके सारखे आहेत. त्यांना वेगळं ठेवलंय ते आजाराच्या आणि इतिहासाच्या सोयीसाठी. तिथे आलेखात भरवशाचा फरकच नाही. हवे तितके संदर्भ घाला, नेहमीच्या पद्धतीनं यंत्र ठामपणे सांगू शकणार नाही. ई. अल्बर्टीची गत तशी समजून 'माल्डीला हे जमतच नाही' असं म्हणणारे भेटतात. ते बरोबर नाही.

तिसरी जास्त धोक्याची, आणि तिच्याबद्दल बोललं कमी जातं. समजा १९९५ च्या सुमारास माल्डी सर्वत्र असता आणि ढाक्याच्या नमुन्यांवरून कुणी संदर्भ-आलेख बनवला असता. त्यावर लेबल काय लागलं असतं? हॅफ्निया अल्वेई. मग रेडपोलचा जिवाणू आल्यावर यंत्रानं २.३ गुणांनी, हिरव्या रंगात, हॅफ्निया सांगितलं असतं, आणि त्याची शिखरं खरोखरच जुळली असती. संदर्भसंचातलं नाव चुकीचं असेल तर जास्त गुण हे जास्त खात्रीनं केलेली चूक ठरतात. आलेख खोटं बोलत नाही. नाव माणसानं लावलेलं असतं. स्कॉटलंडच्या कुप्यांवरून कुणी 'पक्षी, ई. कोलाय, ओ८६' असा संदर्भ बनवला असता तर तेच झालं असतं.

म्हणून संदर्भ घालताना नमुन्याची ओळख माल्डीबाहेरच्या पुराव्यानं पक्की केलेली असावी लागते. १६एस जनुकाचा क्रम हा नेहमीचा आधार इथे कामी येत नाही, कारण एशेरिकियाच्या प्रजातींत तो जवळपास सारखाच. एकाहून अधिक जनुकांचे क्रम किंवा सरळ पूर्ण जीनोम बघावा लागतो. रोजच्या कामासाठी लायसपी, एमडीएच आणि सीएलपीएक्स या तीन जनुकांमधल्या फरकांवर बेतलेली पीसीआर चाचणी २००५ पासून उपलब्ध आहे.

नाव कळलं, कारण कळलं का?

ओक्स यांच्या शोधनिबंधात ई. अल्बर्टीला रेडपोलांच्या मृत्यूचं 'संभाव्य' कारण म्हटलंय. हा शब्द विनयानं वापरलेला नाही. त्याच तपासात उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या इतर जातींच्या मेलेल्या पक्ष्यांत हा जिवाणू मिळाला, आणि लक्षणं नसलेल्या पक्ष्यांतही मिळाला. मग मेलेल्यात सापडला म्हणून त्यानंच मारलं, असं धरता येत नाही.

त्याच्या बाजूनं पुरावा आहे. पक्ष्यांतल्या नमुन्यांत इंटिमिनचं जनुक होतं, म्हणजे आतड्याच्या पेशीला घट्ट चिकटण्याचं साधन. पेशीच्या डीएनएला इजा करून तिची वाढ थांबवणाऱ्या सीडीटी विषाचं जनुक होतं. शिगा विषाचं जनुक मात्र नव्हतं. या नमुन्यांचा आपापसांतला सांधा सैल होता, म्हणजे एकच स्ट्रेन सगळीकडे पसरलेला नव्हता, आणि तरी माणसांत आजार करणाऱ्या नमुन्यांशी त्यांचं साम्य होतं. शिवाय दाणे खाणाऱ्या लहान पक्ष्यांच्या आतड्यात या कुळातले जिवाणू एरवी कमीच असतात, त्यामुळे तिथे त्यांची भरघोस वाढ दिसणं याला कोंबडीत दिसण्यापेक्षा जास्त वजन आहे.

माझं मत: थंडी, अपुरा प्रकाश, दाणापात्रावरची गर्दी आणि हा जिवाणू, यांतल्या एकालाच आरोपी करणं या माहितीवर शक्य नाही. पण 'ई. कोलाय' असा अहवाल गेला असता तर हा प्रश्नच उभा राहिला नसता. आतड्यात ई. कोलाय सापडला यावर कोण थांबतं? तो ओळखीचा पाहुणा म्हणून ओलांडला जातो. चुकीच्या नावाचं खरं नुकसान हे असतं: ते चौकशी संपवतं.

आज असा नमुना आला तर

माल्डीचा अहवाल वाचताना पहिल्या ओळीवर न थांबता यंत्रानं दिलेल्या दहाही जुळण्या बघाव्यात. वर ई. कोलाय आणि चार-पाच ओळी खाली ई. अल्बर्टी, दोघांचे गुण २ च्या वर, असं दिसलं तर 'एशेरिकिया प्रजाती, पुढील तपासणी आवश्यक' असं लिहिणं प्रामाणिक. यंत्रावर कोणत्या आवृत्तीचा संदर्भसंच आहे ते अहवालात नोंदवावं. पाच वर्षांनी कुणी तो निकाल पुन्हा वाचेल तेव्हा गुणांपेक्षा ती नोंद जास्त उपयोगी पडेल. प्लेटकडे बघायला विसरू नये. माल्डी ई. कोलाय म्हणतोय आणि मॅकॉन्कीवर कॉलनी रंगहीन, तर हे दोन साक्षीदार एकमेकांशी जुळत नाहीत. त्यावर झायलोजची चाचणी लावायला एक नळी आणि एक रात्र लागते. झायलोजही नाही पचलं, हालचालही नाही, तर तीन जनुकांच्या पीसीआरला पाठवायला पुरेसं कारण झालं.

दाणापात्राचं काय करायचं, याचं उत्तर नावावर अवलंबून नाही. सालमोनेला असो की ई. अल्बर्टी, दाणे घालणं थांबवायचं, पात्रं घासून निर्जंतुक करायची, थवा पांगू द्यायचा, मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलायचा नाही. रानातल्या पक्ष्यांना प्रतिजैविकं देण्यात अर्थ नसतो.

नावावर अवलंबून आहे ते माणसांकडे बघणं. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये इंटिमिनचं जनुक असलेले १७९ नमुने पुन्हा तपासले. सगळे रोगकारक ई. कोलाय म्हणून नोंदलेले. त्यांतले २६ ई. अल्बर्टी निघाले, म्हणजे १४.५ टक्के. त्याआधी २०११ मध्ये कुमामोटोत याच जिवाणूमुळे अन्नबाधेची साथ झाली होती. अमेरिकेत सोललेल्या कोंबड्या धुतलेल्या पाण्यातही तो आढळला आहे. म्हणजे रेडपोल हा या गोष्टीतला एकटा पक्षी नाही, आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचाही नाही.

आपल्याकडे पोल्ट्रीत कोलाय म्हणून जे काही नोंदलं जातं, त्यातलं बरंचसं खरोखर ई. कोलाय असणारच, कोंबड्यांचा कोलिबॅसिलोसिस, म्हणजे ई. कोलायमुळे होणारा आजार, हा काही भ्रम नव्हे. पण रंगहीन कॉलनीचे, न हलणारे, 'अटिपिकल' असा शेरा मारून बाजूला ठेवलेले नमुने कुठल्याही जुन्या प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये असतात. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या ठिकाणी माल्डीवर जिवाणू ओळखण्याचं काम नेहमीचं आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयांत पीसीआर आहे. सुरुवात त्या शेऱ्याच्या कुप्यांपासून करता येईल: आधी झायलोज, मग तीन जनुकं, आणि जे ई. अल्बर्टी ठरतील त्यांचे आलेख कोणत्या पक्ष्यातून, कोणत्या गावातून, कोणत्या अवयवातून आले त्या नोंदीसह संदर्भसंचात.